दुसऱ्या हाकेनंतर

विमान जमिनीकडे उतरू लागले, की कॉकपिटमध्ये एक जुना रिवाज सुरू होतो. दोघांपैकी एक जण विमान चालवत असतो आणि दुसरा पाहत असतो. पाहणाऱ्याने ठरलेल्या उंचीवर ठरलेला शब्द उच्चारायचा आणि चालवणाऱ्याने त्याला ठरलेले उत्तर द्यायचे. "वन थाउजंड." "चेक्ड." म्हणजे, जमीन हजार फुटांवर आली, होय, मी पाहिले. या संवादात ना भाव असतो ना अलंकार. उत्तर आले नाही, तर पाहणारा पुन्हा एकदा तीच हाक देतो. दुसऱ्या हाकेलाही उत्तर नसेल, तर तो कारणे शोधत बसत नाही. शेजारचा माणूस बेशुद्ध असेल, विचारात हरवला असेल, रुसलाही असेल. त्याची विचारपूस मागाहून. आधी विमान आपल्या हाती घ्यायचे आणि तसे मोठ्याने सांगायचे : "आय हॅव कंट्रोल." तिसरी हाक नसते.

आमच्या साऱ्या विद्येत मला हा नियम सर्वांत देखणा वाटत आला आहे. माणूस दुबळा आहे हे तो मान्य करतो, आणि त्या दुबळेपणापुढे गुडघे मात्र टेकत नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांना माझ्याकडून ढग हवे होते. वैमानिक बाई, त्यात कविता लिहिणारी. चांदण्यात न्हालेले पंख आणि पश्चिमेचे केशरी रंग येतीलच, असा त्यांचा कयास असावा. पण या वर्षी मी संतापलेली आहे. संतापाला वाट करून दिल्याखेरीज मला ढग दिसायचे नाहीत.

माझे वडील पनवेलच्या शाळेत मराठी शिकवत. मला पाढ्यांच्या आधी वृत्ते आली. संध्याकाळी पडवीत बसून ते माझ्या पाठीवर बोटांनी लघू-गुरू वाजवत. लघूला नुसते टोक टेके, गुरूला पूर्ण तळहात. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर थांबावेच लागते. श्वास घेण्यासाठीच्या त्या थांबण्याला यती म्हणतात. मी घाईने पुढे पळाले, की वडील माझी वेणी हलकेच मागे ओढत. "थांब, बये. थांबणं हा श्लोकाचाच भाग असतो. श्लोकाला पडलेलं ते भोक नव्हे."

पुढे मी आकाशात गेले, पण ती वेणी कुणीतरी मागे ओढतच राहिले. विमान उंचीवर स्थिरावले, की त्या वेळच्या आकाशाची एक ओळ मी मनातल्या मनात शार्दूलविक्रीडितात रचते. ती बहुधा वाईटच असते. पण मन ताजे असेल तर यती बरोबर जागेवर पडते. थकलेले असेल तर सर्वांत आधी तीच ढासळते. डोळे जड होण्याच्या कितीतरी आधी मला माझा थकवा असा ऐकू येतो. तो आला, की मी शेजारच्याला सांगते, "माझ्यावर जरा जास्त लक्ष ठेव." ज्यांना वृत्ते येत नाहीत त्यांनी काय करावे, याचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही. ते नियमांकडे असायला हवे.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामाचे तास फार थोडे वाटतात. तो फक्त आकाशातले तास मोजतो. जमिनीवरची तयारी, खोळंबा, दोन फेऱ्यांमधले ताटकळणे हे सारे त्याच कामाचे असते. आणि खरे ओझे तासांचे नसतेच, ते प्रहरांचे असते. आज पहाटे उठायचे, परवा पहाटे झोपायचे. शरीर बिचारे दोन सासरच्या सुनेसारखे गोंधळते. म्हणून नियम सांगतो, की सलग इतकेच काम, रात्रीची उतरणे इतकीच, आणि आठवड्यातून एकदा सलग पुरेशी विश्रांती. ही मर्यादा आहे. पण आमच्या कंपनीत ती लक्ष्य म्हणून वाचली जाते. नदीकाठच्या दगडावर रंगवलेली पूररेषा पाहून कुणी म्हणावे, की पाणी दररोज इथवर यायलाच हवे, तसे.

आणि दिवसाची झोप! माझे घर बेलापूरच्या टेकडीच्या पायथ्याशी. खिडकीला मी जाड काळे कापड शिवून घेतले आहे, पण आवाजाला आणि वासाला पडदा नसतो. वारा फिरला, की दिवाळे या कोळीवाड्यातून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. तो मला आवडतो. त्या वासात झोप लागते. झोप मोडतात ते सावंत. सावंत वरच्या मजल्यावर राहतात, सीबीडीतल्या एका सरकारी कार्यालयात अधिकारी आहेत, आणि घराचे नूतनीकरण हा त्यांचा न संपणारा छंद आहे.

"सावंत, दुपारी तेवढं ड्रिल थांबवाल का? मला रात्री विमान न्यायचं आहे."

"मॅडम, दिवसा कोण झोपतं हो? आणि तुमचा तो ऑटोपायलट असतो ना? बटण दाबायचं नि बसायचं. टेन्शन कसलं?"

"तुमच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे ना? मग फाइल का हलत नाही?"

सावंत मनापासून हसले. ड्रिल मात्र थांबले नाही.

आता आदित्यविषयी सांगायला हवे, कारण या लेखात पणाला काही लागले असेल तर ते त्याचे कप्तानपद.

आदित्य म्हात्रे माझा सहवैमानिक. शिरवणे गावचा, ज्यांच्या भातशेतांवर हे शहर उभे राहिले त्या घरांपैकी एका घरातला. उंच, सावळा, आणि हात असे हलके, की विमानाला त्यांचा स्पर्श कळू नये. आमच्या नव्या विमानतळावर उतरताना तो दर वेळी म्हणायचा, "मॅम, हा जो धावपट्टीचा तुकडा आहे ना, इथे माझ्या मावशीचं शेत होतं. चाकं टेकली की वाटतं, चपला काढायला हव्या होत्या." कप्तान होण्याचे त्याचे प्रशिक्षण महिन्याभरात सुरू व्हायचे होते. त्याच्या आईने खांद्यावरच्या चौथ्या सोनेरी पट्टीसाठी नवसही बोलून ठेवला होता.

त्या दिवशी आम्ही रात्रपाळ्यांच्या एका लांब मालिकेतून घरी परतत होतो. नियमाच्या काटेकोर आतली मालिका, हे मुद्दाम सांगते. सकाळ नुकतीच उघडत होती. आमची दिशा पूर्वेची, त्यामुळे माथेरानच्या डोंगरामागून वर आलेला सूर्य थेट समोर. खाली खाडीचे पाणी नव्या कल्हईच्या परातीसारखे चकाकत होते. माझ्या डाव्या खिडकीतून दिवाळ्याच्या होड्या दिसत होत्या, पाण्यावर सांडलेल्या बडीशेपेच्या दाण्यांएवढ्या. विमान आदित्य चालवत होता. मी पाहत होते.

"वन थाउजंड," मी म्हणाले.

उत्तर आले नाही. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मी मान वळवली. त्याचे हात जागेवर होते, पाठ ताठ होती, डोळे उघडे होते. आणि त्या उघड्या डोळ्यांत सूर्य सरळ शिरत होता, तरी पापणी किलकिली होत नव्हती. मी इतकी वर्षे आकाशात आहे. त्या न मिटणाऱ्या पापणीएवढे भयंकर काही मी पाहिलेले नाही.

"वन थाउजंड."

काहीच नाही.

"आय हॅव कंट्रोल."

माझ्या आवाजाने तो दचकला. सवयीने "यू हॅव कंट्रोल" म्हणाला आणि हात मागे घेतले. विमान मी उतरवले. दारातून बाहेर पडता पडता एक वृद्ध बाई म्हणाल्या, "किती अलगद उतरवलंत हो! झोपमोडसुद्धा झाली नाही." मी त्यांना नमस्कार केला.

सगळे उतरून गेल्यावर आदित्यने विचारले, "मॅम, कंट्रोल का घेतलंत? काही चुकलं का माझं?"

"तू उत्तर दिलं नाहीस."

"दिलं की!" तो चकित झाला होता. "दोन्ही वेळा 'चेक्ड' म्हणालो मी."

तो खोटे बोलत नव्हता. माझ्या हाका त्याच्या झोपेत पोहोचल्या होत्या आणि त्याने त्यांना झोपेतच उत्तरे दिली होती. आपण कर्तव्य बजावले याची त्याला पुरेपूर खात्री होती. झोपेचे हे रूप आमच्या धंद्याबाहेर फार थोड्यांना ठाऊक असेल. ती माणसाला नुसती निजवत नाही. तू जागा आहेस, असे त्याच्या कानात सांगत राहते.

मी सारे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मग तो म्हणाला, "मी कळवतो, मॅम." मीही माझ्या परीने कळवले. थकवा आला तर तो सांगणे हे वैमानिकाचे कर्तव्य आहे, आणि सांगणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होऊ नये असा संकेत आहे. संकेत फार सुंदर असतात.

आठवड्याच्या आत आदित्यचे प्रशिक्षण अनिश्चित काळापर्यंत पुढे ढकलले गेले. त्याची ताण सोसण्याची क्षमता आधी पाहावी लागेल, असे त्याला तोंडी सांगण्यात आले. त्या रात्रपाळ्या कुणी आखल्या, त्या आखणाऱ्याची काही क्षमता पाहावी, असे कुणाच्या मनात आले नाही. झोप लागणे हा गुन्हा नव्हता. झोप लागली असे सांगणे हा गुन्हा ठरला. आणि बाकीच्या साऱ्या वैमानिकांनी जो धडा घ्यायचा तो घेतला : डोळे उघडे ठेवा, आणि तोंड बंद.

मी शिरवण्याला त्याच्या घरी गेले. त्याची आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. वाफेला नव्या तांदळाचा गोडसर वास होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही. परातीकडे पाहतच बोलली.

"बाय, माजा पोर दारू पिऊन नाय झोपला. काम करून झोपला."

"ठाऊक आहे मला."

"त्याला झोपू नाय द्याचा, नि झोपला म्हनून कोपऱ्यान बसवाचा. ह्यो कुठला न्याय हाय? तू मोठी कप्तान हायेस ना? मंग सांग की त्यांना."

आदित्य ओशाळून म्हणाला, "आई, राहू दे ना." तिने भाकरी तव्यावर अशी टाकली, की तो गप्प बसला. मी म्हणाले, "सांगते."

सांगायला निमित्तही चालून आले. सणांचा हंगाम तोंडावर होता, तिकिटे भराभर विकली गेली होती आणि विमाने चालवायला माणसे कमी होती. ती का कमी होती? कारण नवे वैमानिक घेण्याचे कंपनी लांबवत आली होती. कामाच्या मर्यादा सरकार आणखी घट्ट करणार हे सर्वांना फार आधी ठाऊक होते. परीक्षेची तारीख कळूनही अभ्यास न करणाऱ्या विद्यार्थ्याने परीक्षाच सोपी करून मागावी, तसे कंपनीने नियम सैल करून मागितले, आणि ते तिला मिळालेही. तात्पुरते, असे सांगण्यात आले. रात्रीची उतरणे वाढली. माणसाने आईच्या आजारपणासाठी घेतलेली रजासुद्धा त्याची साप्ताहिक विश्रांती म्हणून धरता येऊ लागली. दवाखान्याच्या बाकावर काढलेली रात्र म्हणजे विश्रांती!

आमच्या संघटनेने कंपनीला आक्षेप कळवला. विश्रांती परत द्या आणि थकवा सांगणाऱ्याला शिक्षा करू नका, एवढेच मागितले. ही पहिली हाक. उत्तर आले नाही. आम्ही दंडाला काळ्या फिती लावून उडू लागलो. प्रवाशांना वाटले, कुणीतरी गेले. मग पुन्हा तेच मागणे कळवले, आदित्यचे नाव घेऊन. तीही हाक विरून गेली. अखेर आम्ही काही जण वेळापत्रक सांभाळणाऱ्या मोठ्या साहेबांना भेटायला गेलो. खोली थंडगार होती, कॉफीचा उंची दरवळ होता, आणि खुर्च्या इतक्या मऊ, की थकलेल्या माणसाने तिथे बसणे धोक्याचे.

"मॅडम, तुम्ही कविता करता असं ऐकलं," साहेब म्हणाले. "म्हणून जरा भावनिक होताय."

"भावनेचा प्रश्न नाही, सर. श्वासाचा आहे."

"हे बघा, माझा ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवतो. पनवेल, फोर्ट, परत पनवेल. कधी हूं की चूं नाही."

"त्याला डुलकी आली तर काय करतो?"

"गाडी बाजूला लावतो. चहा मारतो."

"आम्ही कुठे बाजूला लावायचं, सर?"

माझ्या मागे कुणाला तरी हसू फुटले. साहेबांचा चेहरा आवळला. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "तुमच्या दोन्ही निवेदनांना आम्ही उत्तर दिलेलं आहे."

"कधी?"

"दिलेलं आहे म्हणजे दिलेलं आहे. दोन्ही वेळा."

त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता, आणि त्यानेच माझ्या अंगावर काटा आला. तेच उघडे डोळे, तीच ताठ पाठ, तीच खात्री. फरक एवढाच, की आदित्यची झोप कामाने आली होती.

जिना उतरताना मी सहकाऱ्यांना म्हणाले, "दोन हाका झाल्या." त्यांना पुढचे सांगावे लागले नाही.

इथे आमच्या कामातली एक बारीक गोष्ट समजून घ्यायला हवी. ऐन वेळी खोळंबा होऊन कामाची मुदत संपत आली, तर ती थोडी वाढवण्याचा अधिकार एकट्या कप्तानाचा असतो. त्याने आपल्या सोबत्यांना विचारावे, स्वतःकडे पाहावे, आणि मग होय किंवा नाही म्हणावे. वादळासाठी, अपघातासाठी दिलेली ही मुभा. कंपनीने तिची रोजची सवय करून टाकली होती. फोन यायचा, "मॅम, जरा ॲडजस्ट करा ना," आणि आम्ही करायचो. आता आम्ही ठरवले, की कुणीही कप्तान ॲडजस्ट करणार नाही. हा संप नव्हता. आम्ही नियम पाळणार होतो, एवढेच; आणि नुसता नियम पाळल्याने जी कंपनी कोलमडते, ती कशावर उभी होती ते ज्याचे त्याने ओळखावे.

माझी पाळी एका दुपारी आली. आधीच्या शहरातला खोळंबा पुढे सरकत आमच्यापर्यंत पोहोचला होता. प्रवासी आत बसलेले, नागपूरची फेरी, आणि माझी मुदत वाटेतच संपणार. फोन वाजला. वेळापत्रकाच्या टेबलावरची मुलगी होती.

"मॅम, थोडंसंच ॲडजस्ट करा ना प्लीज. सगळे करतात."

"आता कुणीच करत नाही, बाळ."

"मग मी वर काय सांगू?"

"कप्तान नाही म्हणाली, असं सांग."

अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून करता येते. पण मी कॉकपिटबाहेर जाऊन प्रवाशांसमोर उभी राहिले. मुदतीच्या पलीकडे मी उडणार नाही, कंपनीने दुसरा वैमानिक दिला तर विमान जाईल, असे सांगितले. गलका झाला. एक गृहस्थ ओरडले, "मग ड्रायव्हर बदला ना!" मी म्हणाले, "तेच तर मागतोय आम्ही, साहेब. बदलायला माणूस द्या, म्हणून." आणि मधल्या रांगेतून एक ओळखीचा आवाज उठला.

"मॅडम! अहो, मी सावंत! वरच्या मजल्यावरचा! पुतणीचा साखरपुडा आहे हो उद्या. एक फेरी मारा की, काय होतंय?"

"सावंत, काल दुपारी मी झोपायला आडवी झाले होते."

त्यांनी मान डोलावली.

"तुम्ही टाइल्स कापत होतात."

विमानात हशा पिकला. सावंतांचे कान लाल झाले. "म्हणजे माझ्यामुळे विमान जात नाही म्हणता?"

"तुमच्यामुळे नव्हे. तुमच्यासाठी."

त्यांना ते पटले असे मला वाटत नाही. दुसऱ्या विमानाची वाट पाहत ते माझ्याविषयी शेजाऱ्याला जे सांगत होते, ते मला स्पष्ट ऐकू आले. इथे छापण्याजोगे नाही. हल्ली दुपारी ड्रिल वाजत नाही, एवढे मात्र खरे. काम संपले असेल.

असे कित्येक कप्तान कित्येक दारांत उभे राहिले, शिव्या खात. कंपनीने बाहेर आमच्या आडमुठेपणाची कहाणी सांगितली. पण आत कुठेतरी काहीतरी हलले. आदित्यचे प्रशिक्षण कुठलेही कारण न देता पुन्हा सुरू झाले. सैल केलेल्या मर्यादा अजून सैलच आहेत, आणि 'तात्पुरते' या शब्दाला दुसऱ्यांदा मुदतवाढ मिळाली आहे. शब्दांना विश्रांती लागत नसावी. म्हणून आम्ही अजून ॲडजस्ट करत नाही.

कप्तानपदाच्या शेवटच्या परीक्षांपैकी एक सिम्युलेटरमध्ये होते. बंद दालनातले ते खोटे विमान. खोटी धावपट्टी, खोटे आकाश, हादरे मात्र खरे. आदित्य डावीकडे, कप्तानाच्या जागेवर. मी प्रशिक्षक म्हणून उजवीकडे, आणि विमान मी चालवत होते. पडद्यावर आमचाच विमानतळ होता, मावशीचे शेत होते, समोर चितारलेला सूर्य होता.

या परीक्षेत एक जुनी खोडी असते; ती कधी होणार हे उमेदवाराला सांगत नाहीत.

"वन थाउजंड," आदित्य म्हणाला.

मी उत्तर दिले नाही. डोळे उघडे ठेवले, पाठ ताठ ठेवली, आणि नुसती बसून राहिले. खुर्ची मऊ होती. कानांवरचा हेडसेट उबदार होता, गार हवेची झुळूक मनगटावर येत होती. हाक मला स्वच्छ ऐकू आली होती आणि तरीही मला काहीच करायचे नव्हते. गप्प बसणे किती सोपे असते! किती सुखाचे! त्या थंडगार खोलीतल्या माणसाचा हेवा वाटावा, इतके. खाली जमीन वर येत होती, आणि ती त्या साहेबांच्या अंगावर येणार नव्हती.

"वन थाउजंड." आता त्या आवाजात धार होती. तो माझ्या हातांकडे पाहत नव्हता. तो माझ्या पापण्यांकडे पाहत होता.

"आय हॅव कंट्रोल."

त्याने विमान टेकवले; इतके हलके, की मावशीच्या शेतातले ढेकूळही फुटले नसते. दिवे लागले. त्याने कपाळावरचा घाम पुसला, माझ्याकडे वळला, आणि मी अजूनही बोलत नाही असे पाहून हसला.

"मॅम, तिसरी हाक मारू का?"

"नको," मी म्हणाले. "तिसरी नसते."